एक चूल, एक घर: तहसीलदार साहेब आणि आमच्या ग्रामसभेस खुले पत्र

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तसेच आमच्या गावच्या सरपंच ताई, ग्रामसेवक भाऊ आणि ग्रामसभेचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदा २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या आवारातच ग्रामसभा बसली. घरकुलाच्या यादीवरच्या हरकतींचा विषय निघाला. त्यात आमचं घर होतं आणि आमच्या अर्जावर एक शेरा होता. ग्रामसेवक भाऊंनी तो माइकवर वाचला: "अर्जदार महिला एकमेकींच्या नात्यात नाहीत. एकत्र वास्तव्य संशयास्पद. सबब कुटुंब धरता येत नाही." पोरं बाजूला ओळीत बसून जिलेबी खात होती. त्यात आमच्या घरातली नऊ वर्षांची पोरगीही होती. रात्री चुलीपाशी तिनं मला विचारलं, "मोठीमाय, संशयास्पद म्हंजे काय वो?"

मला उत्तर देता आलं नाही. शेरा ज्यांनी लिहिला आणि ज्यांनी ऐकून माना डोलावल्या, त्यांनी ते द्यावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. याआधी तीन अर्ज केले. तिन्हींची पोच माझ्याजवळ आहे, उत्तर एकाचंही आलं नाही. म्हणून या वेळी सगळ्यांना वाचता येईल असं उघड लिहिते.

मी या गावची आशा कार्यकर्ती. पंधरा वर्षं झाली, गावातल्या प्रत्येक उंबऱ्याशी मी वही घेऊन उभी राहिले आहे. कोणत्या घरी पोटुशी बाई आहे, कोणत्या लेकराचा डोस राहिला, कोणाची बीपीची गोळी संपली, हे सगळं त्या वहीत असतं. वहीत 'कुटुंबप्रमुख' असा एक रकाना आहे आणि त्याला लागून 'कुटुंबप्रमुखाशी नाते' असा दुसरा. या दुसऱ्या रकान्यापाशी माझा पेन जितका अडतो तितका कुठंच अडत नाही.

कारण आपलं गाव त्या रकान्यात मावत नाही. नाव कोणाचंच घेत नाही, पण घरं तुम्ही ओळखाल. देवळामागं एक आजी दोन नातवंडं सांभाळते, लेक-सून पुण्याकडं कंपनीत आहेत, दिवाळीला चार दिवस येतात. वरच्या आळीत दोघे भाऊ आहेत, चाळिशी उलटली, कोरडवाहू शेतकऱ्याला पोरगी द्यायला कोणी तयार होत नाही, एक भाकरी थापतो आणि दुसरा भांडी घासतो. पाण्याच्या टाकीजवळ एक काका आपल्या मेलेल्या बहिणीचा पोरगा वाढवतो. एका घरात सासू विधवा, सूनही विधवा. एका घरात मोठ्या भावाची तीन लेकरं धाकट्याकडं आहेत, कारण मोठा आणि त्याची बायको आठ महिने वीटभट्टीवर असतात. उपकेंद्राच्या भिंतीवर नवरा, बायको आणि दोन लेकरांचं चित्र रंगवलेलं आहे. तशी घरंही गावात आहेत, सुखानं नांदोत. पण सरकारचा प्रत्येक फॉर्म त्या भिंतीवरच्या चित्राकडं बघून छापलेला आहे, आणि बाकीच्या घरांनी स्वतःला मुरडून त्यात बसवायचं, ही रीत मला आता सोसत नाही.

आमच्या घराबद्दल कुजबुज पुष्कळ झाली, म्हणून सगळं सांगते. घरात आम्ही सहा जण: मी, माझा पोरगा, सासू, मावशी, धाकटी आणि तिची पोरगी.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कपाशीची पऱ्हाटी खाल्ली. त्या हिवाळ्यात माझा नवरा गेला. कसा गेला ते गावाला माहीत आहे. शेतकरी आत्महत्येच्या घराला एक लाखाची मदत असते. आमचं प्रकरण 'अपात्र' झालं, कारण कर्ज बिनपरवान्याच्या सावकाराचं होतं. तेरवी झाली आणि दिरानं सांगितलं, पोराला इथं ठेव, तू माहेरी जा. मी पोराचा हात धरून निघाले. मागून चपलांचा आवाज आला, वळून पाहिलं तर सासू. डोक्यावर तिची पत्र्याची पेटी. म्हणाली, "मी बी येतो तुह्यासंगं. माहा पोरगा गेला, तू त हाये न." स्वतःच्या सख्ख्या लेकाचं घर सोडून ती माझ्यामागं आली. ती आज ७० च्या वर आहे आणि अजून माझ्याजवळ आहे.

आम्ही जिला मावशी म्हणतो तिचा आणि माझा रक्ताचा धागा नाही. तिचा नवरा तीस वर्षांमागं वारला, पोटी काही नाही. तिच्या घरातली एक खोली मी महिना तीनशे रुपये भाड्यानं घेतली. भाडं तिनं दोनदा घेतलं. तिसऱ्या महिन्याला पैसे परत माझ्या हातात ठेवले, "भाड्याचं काय घेऊन बसली, बाई. घरात दिवा लागते, हेच पुष्कळ हाये."

धाकटी याच गावची लेक. अमरावतीकडं दिली होती. नवऱ्यानं दुसरी आणली. घटस्फोट नाही, पोटगी नाही. २०२० च्या टाळेबंदीत ती तीन वर्षांची पोर कडेवर घेऊन माहेरी आली. आईबाप नव्हतेच, भावानं अंगणातच पाणी दिलं आणि दार लोटून घेतलं. ती आमच्या ओसरीवर बसली ती तिथंच राहिली.

त्या दिवसांत मला रोज घरोघर फिरावं लागे. ताप मोजा, बाहेरून आलेल्यांची नावं लिहा. संध्याकाळी अंगणातच आंघोळ करून मी कोठ्याकडं वेगळी बसे, म्हाताऱ्यांना काही होऊ नये म्हणून. भाकर कोण थापणार? तांदूळ मावशीच्या कोठीत होता, तुरीची डाळ आमच्याकडं होती, हात धाकटीचे होते. तेव्हापासून चूल एकच आहे.

ती कशी चालते तेही सांगते, कारण 'संशय' या शब्दात हेच तर विचारलं गेलं आहे. कोनाड्यात एक पितळी डबा आहे. माझा आशाचा मोबदला, धाकटीच्या शिलाईचे पैसे, मावशीचे निराधार योजनेचे दीड हजार, सासूचे श्रावणबाळ योजनेचे दीड हजार, सगळं त्यात. कापूस वेचाईच्या दिवसांत सकाळी दोघी वावरात जातात, एक घरी असते. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशेब लिहिलेला असतो, किराणा, पोराच्या आयटीआयचा पास, पोरीची वही, सासूच्या डोळ्याचे थेंब. प्रत्येकीला दोनशे रुपये स्वतःचे, त्याचा हिशेब कोणी कोणाला मागत नाही. सासूच्या तंबाखूचे वेगळे. भांडणंही होतात, मीठ जास्त झालं इथपासून पोराला गाडी घेऊन द्यायची का इथपर्यंत. दोन दिवस बोलणं बंद राहतं. चूल बंद राहत नाही.

आता आमच्या अडचणी. एकेक करून लिहिते, साहेब.

पहिली रेशनची. धाकटीचं आणि पोरीचं नाव अजून सासरच्या कार्डावर आहे. तिच्या वाट्याचे पाच आणि पोरीच्या वाट्याचे पाच, असं दहा किलो धान्य दर महिन्याला सासरचे उचलतात. कुठल्याही दुकानातून धान्य घेता येतं हे मला माहीत आहे, पण आम्ही दुकानात पोचेपर्यंत महिन्याचं धान्य तिकडं उचललेलं असतं. नाव कमी करायचं तर कार्डावरच्या कुटुंबप्रमुखाची सही आणा म्हणतात. तिथली कुटुंबप्रमुख तिची सासू. ज्या घरानं हिला हाकललं त्याच घरानं सही करून सांगायचं की आम्ही हिला हाकललं! आणि नाव कमी झालं तरी आमच्या कार्डावर ते चढत नाही. खिडकीवरच्या बाबूंनी मला कॉम्प्युटर फिरवून दाखवला, नात्याच्या यादीत मुलगी आहे, सून आहे, नणंद आहे, आमच्यासारखीला शब्द नाही. मी म्हटलं 'इतर' टाका. तर म्हणाले, 'इतर' टाकलं की वरून परत येतं.

दुसरी घरकुलाची. मागच्या पावसाळ्यात मावशीच्या घराची मागची भिंत बसली. रात्रीचे दोन वाजले असतील. आधी माती सरसर खाली आली, मग पूर्ण भिंत. सासू आणि पोरगी त्या भिंतीपासून चार हातांवर निजल्या होत्या. तेव्हापासून तिथं ताडपत्री आहे. जागा मावशीच्या नावची, ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत, नमुना आठवर, नोंद आहे. सपाट भागात घरकुलाचं मूळ अनुदान एक लाख वीस हजारांचं आहे, आम्ही तेवढ्यात भिंती उभ्या करू, बाकी हातानं करू. पण घरकुलाला रोजगार हमीचं जॉबकार्ड लागतं आणि जॉबकार्डाला कुटुंब लागतं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यानं कुटुंब म्हणजे रक्त, लग्न किंवा दत्तक यांनी जोडलेली माणसं असं लिहून ठेवलं. मग म्हणतात, मावशी एकटी बाई, एकटीला घर कशाला, पुतण्याकडं राहील. पुतण्यानं तिला शेवटचं जेवायला कधी बोलावलं ते त्यालाही आठवणार नाही.

यात आणखी एक गोष्ट मला खुपते. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत घराची वंचितता मोजताना एक कसोटी होती, १६ ते ५९ वयाचा पुरुष नसलेलं, बाईच्या जिवावर चालणारं घर. म्हणजे अशी घरं असतात आणि त्यांना आधार लागतो हे सरकारनंच मानलं होतं. तेच आमच्या अर्जावर आलं तर संशय झाला.

तिसरी, लाडक्या बहिणीची. योजनेच्या यादीत विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता असे शब्द पहिल्यापासून आहेत. पण २०२५ ला ई-केवायसी आली तेव्हा मोबाइलनं नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार नंबर मागितला. नंतर विधवांना मृत्यूच्या दाखल्याची आणि घटस्फोटितांना कोर्टाच्या कागदाची वाट काढून दिली. धाकटीजवळ दोन्ही नाही. तिचा नवरा जिवंत आहे, फक्त तिचा नाही. टाकलेल्या बाईला टाकल्याचा दाखला कोण देतं? माझ्या गावातल्या, माझ्या वहीतल्या अशा बायांना घेऊन मी किती चकरा मारल्या ते मलाच माहीत.

चौथी गोष्ट दवाखान्याची, आणि ती सांगताना अजून माझा हात थरथरतो. दोन वर्षांमागं नोव्हेंबरात आम्ही वेचाईला होतो. मावशी माझ्या पुढच्याच तासात, म्हणजे कपाशीच्या ओळीत. ती एकदम खाली बसली. पायाशी परड, म्हणजे घोणस साप, होता, पानात दिसलाच नाही. मी ओढणी बांधली नाही, चिरा मारू दिला नाही, पाय हलू न देता मोटारसायकलवर दोघींच्या मध्ये बसवून आणली. ते माझं शिक्षण आहे. आधी जवळच्या दवाखान्यात लस दिली, मग मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं एका टेबलावर मला विचारलं, "पेशंटच्या तुम्ही कोण?" मी म्हटलं, एका घरात राहतो. "ते नाही, नातं काय?" मी म्हटलं, बहीण लिहा. त्यांनी दोघींची आधार कार्डं शेजारी ठेवली. नाव वेगळं, बापाचं नाव वेगळं, नवऱ्याचं नाव वेगळं. "रक्ताचं माणूस बोलवा." मावशी शुद्धीवर होती. स्ट्रेचरवरून हात वर करून ती म्हणत होती, "हेच माहं माणूस हाये." ते ऐकून घेणारं तिथं कोणी नव्हतं. पुतण्याला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला, सही केली आणि खाटेजवळ बसून पहिला प्रश्न विचारला, "काकू, वावराचा सातबारा कुठी ठेवला?"

सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाची संमती त्याची त्यालाच द्यायची असते, नातेवाइकाच्या सहीनं ती होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्येच सांगितलं आहे. मला ते त्या रात्री माहीत असतं तर मी टेबलासमोर गप्प बसले नसते. आणि पेशंट बेशुद्ध असला तर? मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यात प्रत्येक सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी आधीच लिहून ठेवता येतो, तो नात्यातलाच हवा असं नाही. मन आजारी पडल्यावर जे चालतं ते पायाला साप चावल्यावर का चालू नये?

मावशी वाचली. घरी आल्यावर तिनं साध्या कागदावर मृत्युपत्र केलं, दोन साक्षीदारांसमोर. तसं नसतं केलं तर काय झालं असतं ते सांगते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्राशिवाय गेली, तर तिची स्वतःच्या कष्टाची कमाईसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडं जाते. तिनं शिवणकाम करून, निंदण करून जमवलेले पैसेसुद्धा. आपल्या गावातल्या एकट्या बायांना मी हे आता घरोघर सांगते. वहीत तो रकाना नाही, तरी सांगते.

राहिला तो शेरा. बाकी सगळ्या अडचणी कागदाच्या आहेत, कागदानं सुटतील. हा शेरा अब्रूचा आहे.

साहेब, आमच्यात काय नातं आहे हे कोणी विचारलं नाही, मोजलं मात्र. आमच्यात जोडीदाराचं नातं नाही. पण असतं, तरीही शेरा चूकच ठरला असता. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, तरी २०२४ मध्ये केंद्राच्या अन्न विभागानं सगळ्या राज्यांना कळवलं की अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातले धरा. म्हणजे लग्नाचा कागद नसताना, रक्त नसताना एक घर धरता येतं हे दिल्लीला पटलं आहे. तिथं जे पटलं ते आमच्या तालुक्याच्या खिडकीवर का पटू नये?

ऑगस्ट २०२२ मध्ये एका नर्सबाईच्या बाळंतपणाच्या रजेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कुटुंबाबद्दल लिहिलं. नवरा-बायको आणि लेकरं एवढंच कुटुंब नसतं, मरणानं, ताटातुटीनं, दुसऱ्या लग्नानं, दत्तकानं घराची घडण बदलते, आणि असं वेगळ्या घडणीचं घरही कायद्याच्या संरक्षणाला आणि कल्याणकारी योजनांना तितकंच पात्र आहे, असा त्याचा अर्थ आहे. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, कोणीतरी आमच्या ओसरीवर येऊन बसून लिहिलं आहे. मद्रास उच्च न्यायालयानं तर २०२५ मध्ये माणसानं स्वतः निवडलेलं कुटुंब हेही कुटुंबच, असं मानलं.

आणि जनगणना? तिथं घराची व्याख्या माझ्या सासूला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "हे त बरोबर हाये." नेहमी एकत्र राहणारी आणि एकाच चुलीवरचं जेवणारी माणसं म्हणजे एक घर. नात्यातली असोत, बिननात्यातली असोत, की दोन्ही मिसळून. येत्या जनगणनेत प्रगणक आमच्या दारी येईल तेव्हा तो आम्हा सहा जणांना एकच घर लिहील. देशाच्या मोजणीत एक आणि गावाच्या यादीत एकही नाही, असं कसं चालेल?

आता ग्रामसभेतल्या मायबहिणींनो, दादांनो, हे तुमच्यासाठी.

तुम्ही म्हणता असं आपल्याकडं नसतं. आपल्याकडंच असतं. मराठीतली पहिली कवयित्री जिला म्हणतात ती महदंबा बालविधवा होती. सासर-माहेर मागं ठेवून ती आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या पायाशी राहिली, महानुभावांच्या मेळ्यात. ही ७०० वर्षांपलीकडची गोष्ट. वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर काढलं. तिथं बहिणी एकत्र राहतात, स्वतः शेती करतात, आळीपाळीनं स्वयंपाक करतात आणि निर्णय सगळ्यांच्या संमतीनं घेतात. आपल्या गावची सहल तिथं जाते, तेव्हा आपण चपला काढून आत जातो. वरोऱ्याला आनंदवनात बाबा आमटे आणि साधनाताईंनी रक्ताच्या माणसांनी हाकललेल्यांना जवळ केलं, आणि त्यांनी एकमेकांना घर दिलं. अचलपूर तालुक्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग लेकरांना आपलं नाव दिलं, शंभरावर लेकरांच्या कागदावर बापाच्या जागी त्यांचं नाव आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या ग्रामपंचायतीनं अभिनंदनाचा फलक लावला होता. ते बरोबरच केलं. पण आश्रमात जे पुण्य ठरतं ते आपल्या आळीतल्या मातीच्या घरात संशय कसं ठरतं, याचा विचार करा.

एक दादा त्या दिवशी म्हणाले, उद्या भांडल्या आणि वेगळ्या झाल्या तर घरकुल कोणाचं? भाऊ-भाऊ वेगळे होतात म्हणून आपण भावांची घरकुलं अडवतो का? घर जागेच्या मालकिणीचं, म्हणजे मावशीचं, आणि बाकीच्यांचा राहण्याचा हक्क आम्ही आपसात लिहून ठेवला आहे. दुसरे एक जण म्हणाले, फायदे लाटायला एकत्र आल्या. आम्ही वेगळ्या राहिलो तर तीन घरकुलं मागू, तीन नळ मागू. आम्ही एक मागतो आहोत. एक भीती मात्र मलाही आहे, ती लपवत नाही. एक घर धरल्यावर उद्या कोणी सगळ्यांची कमाई एकत्र मोजून म्हणेल की वर्षाच्या कमाईची २१ हजारांची मर्यादा ओलांडली, मावशीचं निराधार बंद. ते होऊ नये. निराधारचा पैसा तिच्या वैधव्याचा आहे, आमच्या चुलीनं तिचा नवरा परत येत नाही.

आणि घरात पुरुष नाही म्हणून लेकरांना वळण लागणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी माझ्या पोराला विचारावं. गेल्या पोळ्याला आमच्याकडं बैल नाही म्हणून धाकट्या पोरीनं मातीचा नंदी केला आणि तान्ह्या पोळ्याला नेला. पोरगा तिच्यासोबत दारोदार फिरला. ती त्याची कोण, असं त्या दिवशी कोणत्याही दारात कोणी विचारलं नाही. बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, सगळ्यांनी हातावर ठेवला. गावाला आमचं नातं कळतं, सणाच्या दिवशी बरोबर कळतं.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. आपल्या ग्रामसभेनंही तो ठराव घेतला, त्याच्या कागदावर माझी सही आहे. विधवेनं कुंकू लावावं, बांगड्या भराव्या, हे आपण मान्य केलं. तिनं राहावं कोणाबरोबर, हे तिचं तिनं ठरवावं, एवढीच पुढची पायरी मी मागते आहे.

मागण्या अशा आहेत.

१. आमच्या अर्जावरचा 'संशयास्पद' हा शेरा लेखी रद्द करावा, आणि जसा माइकवर वाचला तसाच रद्द झाल्याचं माइकवर वाचावं.

२. एकत्र राहणाऱ्या, एका चुलीवर जेवणाऱ्या माणसांना त्यांच्या स्वयंघोषणेवर आणि पंचनाम्यावर एकाच रेशनकार्डात घ्यावं. नात्याच्या रकान्यात 'सहनिवासी' हा शब्द ठेवावा. यासाठी तहसील कार्यालयानं वर प्रस्ताव पाठवावा आणि त्याची प्रत आम्हाला द्यावी.

३. टाकलेल्या बाईचं नाव सासरच्या कार्डावरून कमी करायला सासरची सही मागू नये. ती बाई आमच्या गावात राहते असं ग्रामपंचायत आणि पोलीस पाटील यांनी लिहून दिलं की पुरे व्हावं. तोच कागद इतर योजनांसाठी परित्यक्ता असल्याचा पुरावा म्हणून चालावा.

४. मावशीच्या घरकुलावरची हरकत काढावी. पाऊस लागायच्या आत भिंतीची पाहणी व्हावी. अभियंत्यांना आम्ही केव्हाही ओसरीवर बसवू, चहा पाजू आणि ताडपत्री वर करून दाखवू.

५. एक घर धरल्यामुळं कोणाचंही निराधार किंवा श्रावणबाळ बंद करू नये.

६. तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांना कळवावं की पेशंटनं ज्याचं नाव सांगितलं तो त्याचा माणूस. आधारवरचं आडनाव जुळवू नये. आशा म्हणून मी गावातल्या प्रत्येक एकट्या माणसाकडून असं नाव आधीच लिहून घ्यायला तयार आहे.

१ मेच्या ग्रामसभेआधी महिला सभा होईल. सरपंच ताई, त्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय पहिला घ्यावा ही विनंती. आम्ही चौघी येऊ. सासूला तेवढं चालवत नाही, तिला खुर्ची लागेल. पोरगी शेजारी बसेल आणि जे ठरेल ते ऐकेल.

आपली,
गावची आशा

सोबत: तीन अर्जांच्या पोचेची झेरॉक्स, पडलेल्या भिंतीचे दोन फोटो, एकत्र राहत असल्याची स्वयंघोषणा (धाकटीची सही, मावशी आणि सासूचे अंगठे).